रील नको म्हणता, मग युनिटच्या ग्रुपचं काय?

अक्कलकुव्याची (आता कळव्यात): काल इथे 'पाचपाखाडी' यांनी लिहिलं, 'मेडिकलच्या पोरांच्या सोशल मीडियावर सरसकट बंदी आणा, जातीपातीचं रडगाणं पब्लिकमध्ये कशाला?' रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून लिहितेय.

मी भिल्ल, घरातली पहिली डॉक्टर. ९ ऑगस्टला, आदिवासी दिनाला, कॉलेजने मला न विचारता माझा फोटो स्वतःच्या पेजवर टाकला. खाली पहिली कमेंट, 'कोट्यातली डॉक्टर, हिच्या हातून भूल कोण घेणार?' लिहिणारा माझ्याच बॅचचा. कमेंट काढा म्हणून अर्ज दिला, तर उत्तर मिळालं, 'तूच अकाउंट बंद ठेव थोडे दिवस.' कॉलेजच्या सोशल मीडियाबद्दलच्या सर्क्युलरमध्ये अकरा कलमं आहेत आणि अकराही 'करू नये' अशी. शिवी आली तर कोणाला फोन करायचा, स्क्रीनशॉट कुठे द्यायचा, याची एक ओळ नाही. मला ती ओळ हवी आहे. आणि फोटो वापरण्याआधी विचारा.

पाचपाखाडी: डॉक्टर, तुमच्याबाबतीत झालं ते वाईटच. पण मी ३१ वर्षं प्रॅक्टिस करतोय. एका इंटर्नने ऑपरेशन थिएटरमध्ये (ओटीत) रील काढली, मागे टेबलावर पेशंटचा चेहरा स्पष्ट. त्या पेशंटच्या बायकोने ती मला ओपीडीत दाखवली, तिचा हात थरथरत होता. तिला काय उत्तर देऊ? बंदीच हवी.

ऐरोली सेक्टर ७: पेशंटचा चेहरा आणि स्वतःबद्दल बोलणं, दोन्ही एकाच दावणीला बांधू नका. एनएमसीने, म्हणजे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने, २ ऑगस्ट २०२३ ला डॉक्टरांसाठी आचारनियम आणले, त्यात सोशल मीडियाचा भाग होता. २३ ऑगस्टला ते स्थगित झाले. आणि 'अव्यावसायिक' कोण ठरवणार? अमेरिकेत व्हॅस्क्युलर सर्जरीच्या (रक्तवाहिन्यांच्या शस्त्रक्रियेच्या) एका शोधनिबंधाने तरुण डॉक्टरांची खाती तपासून पोहण्याच्या कपड्यांतले फोटोही त्यात धरले. जगभरच्या डॉक्टर बायकांनी तसेच फोटो टाकून निषेध केला, जुलै २०२० मध्ये तो मागे घेतला गेला.

नेरूळची आई: तुम्ही रीलवर भांडताय. माझी मुलगी पीजी करतेय, तिचा छळ व्हॉट्सॲपवर होतो. रात्री १.४० ला युनिटच्या, म्हणजे तिच्या वॉर्डातल्या डॉक्टरांच्या टीमच्या, ग्रुपवर तिच्या केस पेपरचा फोटो, खाली 'मराठी मीडियम' आणि हसणाऱ्या बाहुल्यांची रांग. ग्रुप सोडायची सोय नाही, ड्युटी तिथेच लागते.

पाचपाखाडी: ताई, ग्रुप बंद केला तर रात्री रक्ताची पिशवी कोण मागवणार? आमचे सीनियर चारचौघांत शिव्या घालायचे. आम्ही घडलोच ना!

जेआर२_मुंब्रा: सर, २२ मे २०१९ विसरलात? मुंबईच्या नायर हॉस्पिटलमधल्या डॉ. पायल तडवीने आत्महत्या केली. सीनियरांच्या जातिवाचक छळाचा आरोप घरच्यांनी केला, खटला उभा राहिला. आणि तुम्ही आम्हाला घडण्याच्या गोष्टी सांगता? ३६ तास उभं राहून ग्रुपवर 'येस मॅम' टाइप करून बघा एकदा. स्टायपेंडही वेळेवर नाही!

पाचपाखाडी: आवाज खाली. पायलचं नाव माझ्यावर फेकू नका, ती बातमी वाचून मी दोन दिवस जेवलो नव्हतो.

जेआर२_मुंब्रा: मग बंदी कोणावर मागताय? सहन करणाऱ्यावरच ना?

नेरूळची आई: मी मुलीला ग्रुप सोड म्हटलं, तर म्हणाली, 'आई, टर्म अडवतील.' तेव्हापासून पहाटे पाचला जागी होते, ती ऑनलाइन दिसेपर्यंत झोप लागत नाही.

पाचपाखाडी: बरं. ग्रुपवर ड्युटी आणि पेशंट सोडून काही नको, टोमणा आला तर स्क्रीनशॉट पुरावा धरायचा, एवढं लेखी काढा. माझी हरकत नाही. ओटीतल्या रीलवर मात्र एक पाऊल मागे येणार नाही.

अक्कलकुव्याची (आता कळव्यात): पेशंटच्या चेहऱ्याचं मान्यच आहे सर, मीही त्या इंटर्नला नोटीस दिली असती. माझ्या फोटोखालची कमेंट मात्र अजून तिथेच आहे. तीन अर्जांच्या पोचपावत्या माझ्या ॲप्रनच्या खिशात आहेत, चौथा सोमवारी देतेय.