मदत हवी आहे: बाळाच्या काविळीला कोणता कोड?

नमस्कार मंडळी, मी नागपुरात मानेवाड्याला घरूनच अमेरिकेतल्या रुग्णांच्या चार्ट्सचं मेडिकल कोडिंग (डॉक्टरांनी लिहिलेल्या निदानाला ठरलेला आयसीडी-१० कोड लावणं) करते, एका चार्टमध्ये पार अडकली आहे. बाळ ३५ आठवड्यांचं, आई ओ पॉझिटिव्ह, बाळ ए पॉझिटिव्ह, कूम्ब्स (बाळाच्या लाल पेशींवर आईच्या अँटीबॉडी आहेत का ते पाहणारी तपासणी) पॉझिटिव्ह, फोटोथेरपी (प्रकाशाचा उपचार) दिली, अन् डॉक्टरसाहेबांनी लिहिलं काय तर फक्त 'नवजात कावीळ' आणि खाली वेगळ्या ओळीत 'प्रीमॅच्युअर', बस. आर१७ (कारण न दिलेल्या साध्या काविळीचा कोड) तर नवजाताला चालतच नाही. मग पी५९.९ (कारण न दिलेली नवजात कावीळ) लावू की पी५९.० (वेळेआधी जन्मल्यामुळे आलेली कावीळ)? रिपोर्ट पाहून पी५५.१ (आई-बाळाचा एबीओ रक्तगट न जुळल्याने होणारा त्रास) लावायचा मोह होतो बाप्पा, पण नुसत्या लॅबवरून आपण निदान ठरवू शकत नाही ना, डॉक्टरांनी लिहायला पाहिजे. क्वेरी (डॉक्टरांना निदान स्पष्ट करायला विचारलेला लेखी प्रश्न) टाकूच का? टाकली तर शब्द कसे ठेवू, म्हणजे उत्तर आपणच सुचवल्यासारखं वाटणार नाही? उद्या सकाळपर्यंत द्यायचा आहे हो.