मदत हवी आहे: अप्लाइड आर्टचा फायनल प्रोजेक्ट, प्रदर्शनातली मराठी लेबलं आणि व्हिजिट जर्नल

ठिपके_रेषा:

नमस्कार मंडळी,

पुण्यात अप्लाइड आर्टच्या शेवटच्या वर्षाला आहे. आमच्याकडे फायनलला बहुतेक जण एखादं कॅम्पेन घेतात: चहा, साबण, नाहीतर 'हेल्मेट घाला'. मी ते न घेता एका काल्पनिक प्रदर्शनाचं सगळं ग्राफिक डिझाइन घेतलंय. विषय पानसुपारी. अडकित्ते, पानाचे डबे, चुनाळी (चुन्याच्या डब्या), तस्त (पिकदाणी), चंच्या (पानसुपारीच्या कापडी पिशव्या) अशा साधारण ४० वस्तू. त्यासाठी पोस्टर, दाराशी लागणारा मोठा पॅनेल, विभागांच्या पाट्या आणि प्रत्येक वस्तूचं लेबल करायचंय.

हे सुचलं शुक्रवार पेठेतल्या केळकर संग्रहालयात. दिनकर केळकरांनी साधारण १९२० पासून जमवलेल्या घरगुती वस्तू तिथे आहेत, हे बहुतेकांना माहीत असेलच. मी कॉलेजच्या स्केचिंगसाठी गेले होते आणि अडकित्त्यांपाशीच अडकून पडले. सुपारी कातरायची, एवढंच काम. पण त्यासाठी कुणी पोपट घडवलाय, कुणी घोडा. पोपटाची मान वळते तिथे बिजागरी येते. चोच आणि पातं यांचा काही संबंध नसावा, तरी कारागिराने तो जुळवलाय. असं काही पाहिल्यावर साबणाचं कॅम्पेन करवेना.

आता अडचण. लेबल मराठी आणि इंग्रजी दोन्हींत हवं, असं सरांचं म्हणणं. मी दोन सारखे रकाने केले. मराठीला मुक्ता फॉन्ट, इंग्रजीला हेल्व्हेटिका, दोन्ही १८ पॉइंट. इंग्रजी मजकूर पाच ओळींत ऐसपैस बसला. मराठी त्याच मापाला दिसते बारीक आणि तरीही दाटीवाटीची. वरच्या ओळीतल्या 'चुन्याची'चा उकार खालच्या ओळीतल्या रफारावर जाऊन आदळतो. ओळींतलं अंतर वाढवलं की मराठी रकाना लेबलाच्या बाहेर. पॉइंट कमी करून १५ केला तर तळटीप वाटते. पहिल्या ज्युरीत (परीक्षकांना काम दाखवतो तेव्हा) बाहेरून आलेल्या मॅडम एवढंच म्हणाल्या, "इंग्रजी मालकीणबाई, मराठी पाहुणी." बरोबरच होतं. पण उपाय त्यांनी सांगितला नाही, आणि सर म्हणतात "ट्राय करत राहा".

दुसरी गोष्ट व्हिजिट जर्नलची. दर सत्राला प्रदर्शनं पाहून रिपोर्ट लिहायचा असतो. बॅचबरोबर मुंबईची सहल झाली: जहांगीर कलादालन, शेजारचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, मग राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय. सगळं एका दिवसात, त्यात वडापाव आणि परतीची गाडी. रिपोर्ट म्हणजे काय, तर माहितीपत्रक चिकटवायचं, चार फोटो लावायचे आणि 'रंगसंगती मनमोहक होती' असं लिहायचं. बाकीचे चित्रांचे फोटो काढत होते, मी लेबलांचे. एका ठिकाणी सुरक्षारक्षक काका माझ्या मागेच फिरायला लागले. चित्र सोडून भिंतीच्या कोपऱ्याचा फोटो काढणारी मुलगी म्हणजे नक्कीच काहीतरी गडबड!

तर विचारायचं आहे ते हे. दोन लिप्या शेजारी ठेवताना माप कसं ठरवायचं? मोठ्या शीर्षकासाठी कुठलं अक्षर घेऊ? आणि डिझाइनच्या विद्यार्थ्याने प्रदर्शन नेमकं पाहायचं कसं, जर्नलमध्ये काय लिहायचं? सबमिशनला अजून वेळ आहे, खिसा मात्र विद्यार्थ्याचा आहे.

---

छापखाना:

प्रश्न आवडला. आयुष्य ऑफसेटच्या मशिनशेजारी गेलंय, तेव्हा थोडं लांबण लावतो.

पहिलं म्हणजे पॉइंटच्या आकड्यावर विश्वास ठेवू नकोस. पॉइंट हे अक्षराचं माप कधीच नव्हतं, ते खिळ्याच्या (छपाईच्या जुन्या धातूच्या अक्षरठशाच्या) अंगाचं माप. त्या अंगात देवनागरीला वर वेलांटी, मात्रा, रफार आणि खाली उकार, ऋकार मावायला हवेत. म्हणून मधलं मूळ अक्षर लहान ठेवावं लागतं. रोमनचं तसं नाही. त्यातून हेल्व्हेटिकाची लहान लिपीतली अक्षरं अंगाच्या मानाने चांगलीच उंच. म्हणजे १८ला १८ लावलंस तेव्हाच सामना एकतर्फी झाला.

आता कर असं. एकाच ओळीत मराठी 'क', इंग्रजी लहान एक्स आणि मोठा एच मोठ्या आकारात टाईप कर. शिरोरेखेपासून खालपर्यंतची 'क'ची उंची एक्सपेक्षा जास्त आणि एचपेक्षा थोडी कमी भरेपर्यंत मराठी वाढव किंवा इंग्रजी उतरव. आकडे काय येतील ते येऊ देत. माझ्या अंदाजाने मराठी २० आणि इंग्रजी १६च्या आसपास थांबशील. सोपा मार्ग हवा असेल तर हेल्व्हेटिका सोडून दे आणि इंग्रजीही मुक्तामध्येच लाव. ती एक टाईप या मुंबईच्या मंडळींची आहे, फुकट वापरता येते, सात वजनं (अक्षराच्या जाडीचे प्रकार) मिळतात आणि तिच्यातली दोन्ही लिप्यांची अक्षरं एकमेकांकडे बघून काढलेली आहेत.

ओळींतलं अंतर: सॉफ्टवेअर आपोआप देतं ते १२० टक्के, ते इंग्रजीच्या सवयीचं. मराठीला १४० ते १५० टक्के दे. उकार-रफाराची मारामारी तिथेच मिटेल. आणि दोन रकाने सारखे रुंद हवेत असा कायदा कुणी केलाय? मराठीला ५८ टक्के रुंदी दे, इंग्रजीला ४२.

दोन गोष्टी मात्र करायच्या नाहीत. अक्षरांमधलं अंतर ताणायचं नाही. शिरोरेखा तुटते आणि शब्दाचे दात पडल्यासारखे दिसतात. आणि दोन्ही कडा सरळ करायच्या नाहीत. अरुंद रकान्यात आपल्या लांब शब्दांमुळे मध्ये खड्डे पडतात. डावी कड सरळ, उजवी मोकळी.

---

पायरीवरची_मनी:

छापखानाकाकांशी अक्षरांबाबत सहमत. मी एका छोट्या संग्रहालयात काम करते (नाव नको), त्या बाजूने सांगते.

लेबल वाचणारा माणूस उभा असतो. त्याच्या खांद्याला पिशवी असते, हाताला मूल असतं आणि मागे बायको "चला पुढे" म्हणत असते. तो ५०-६० शब्दांपेक्षा जास्त वाचत नाही. तुझ्या इंग्रजी मजकुराच्या पाच ओळी आहेत, त्याच आधी तीन कर. अर्धा प्रश्न डिझाइनचा नाहीच, मजकुराचा आहे. तू इंग्रजी आधी लिहून त्यावरून मराठी केलं आहेस का? मराठी आधी लिही, इंग्रजी नंतर. "सुपारी कातरण्याकरिता वापरण्यात येणारे धातूचे उपकरण" असं कुणी बोलत नाही. वर मोठ्या अक्षरात 'अडकित्ता', खाली 'पितळ, लोखंडी पातं', मग एक-दोन वाक्यं. अडकित्ता म्हणजे काय हे मराठी वाचकाला सांगावं लागत नाही; त्याला पोपटाच्या मानेतली बिजागरी दाखव. इंग्रजी वाचकाला मात्र मुळात ही वस्तू कशाची ते सांगावं लागेल. दोन्ही मजकूर एकसारखे असायलाच हवेत असं नाही.

जर्नलबद्दल: एका दिवसात तीन ठिकाणं पाहिलीस म्हणजे एकही पाहिलं नाहीस, पण त्यात तुझा दोष नाही, सहली तशाच काढतात. पुढच्या वेळी एकटी जा आणि एकच दालन घे. एका लेबलाजवळ बाजूला उभी राहा आणि वस्तूकडे नाही, माणसांकडे बघ. कोण थांबतं, कोण मोठ्याने वाचतं, कोण वाकतं, कोण चष्मा कपाळावर चढवतं. दालनाचा साधा नकाशा काढ आणि माणसं कुठून कशी फिरली ते पेन्सिलीने दाखव. खिशात मोजपट्टी ठेव. लेबलाचा मध्य जमिनीपासून किती वर आहे ते लिही. साडेचार फुटांच्या आसपास असेल तर मुलांना आणि व्हीलचेअरवरच्या माणसालाही जमतं. दिवा कुठून येतो, वाचणाऱ्याची सावली लेबलावर पडते का, काचेत स्वतःचाच चेहरा दिसतो का, हे टिपून ठेव. असं एक पान त्या 'मनमोहक'च्या दहा पानांना भारी पडेल.

आणि हो, मोजपट्टी काढण्याआधी कार्यालयात जाऊन कॉलेजचं पत्र दाखव. रक्षककाका नुसते मागे फिरणार नाहीत, खुर्चीही देतील.

---

गावठी_गवंडी:

मुळात समान कशाला हवं? प्रदर्शन पुण्यात, वस्तू आपल्या, बघणारे नव्वद टक्के आपले. मराठी मोठी, इंग्रजी खाली बारीक. विषय संपला.

---

पायरीवरची_मनी:

@गावठी_गवंडी, नव्वद टक्के कुठून मोजले? आमच्याकडे येणाऱ्यांत शाळेच्या सहली सोडल्या तर कानडी, गुजराती, परदेशी बरेच असतात. मराठी आधी आणि जरा वजनदार असावी हे मान्य. पण इंग्रजी वाचताच येऊ नये इतकी बारीक करणं म्हणजे सासूवरचा राग सुनेवर.

---

अक्षरखूळ:

शीर्षकाबद्दल लिहितो, कारण त्यावर अजून कुणी बोललं नाही.

मोठ्या पॅनेलवर 'पानसुपारी' हा शब्द तयार फॉन्टमध्ये लावू नकोस. हाताने काढ. आपल्याकडे सुलेखन आणि अक्षररचनेची एवढी दांडगी परंपरा असताना फायनल इयरला फॉन्टची यादी खाली-वर करत बसणं बरं दिसत नाही. कमल शेडगे यांनी केलेली नाटकांची नावं बघ: शब्दाचा स्वभाव अक्षरातच उतरलेला असतो, वेगळं चित्र लागत नाही. दीनानाथ दलालांची दिवाळी अंकांची मुखपृष्ठं बघ. र. कृ. जोशींचं सुलेखन बघ; संगणकावरचा मंगल फॉन्टही त्यांचाच, पण त्यांच्या हाताची मजा त्यात शोधू नकोस. जुन्या वळणाची आवड असेल तर जावजी दादाजींच्या निर्णयसागर छापखान्यातली जुनी पोथी किंवा संस्कृत पुस्तक मिळव. ते खिळे अजून डोळ्यांना गार वाटतात. यासाठी तिकीट लागत नाही. जुनी ग्रंथालयं आणि रद्दीवाले पुरे.

तुझ्या शब्दात 'प', 'न', 'स' यांच्या उभ्या दांड्या आहेत, 'प' तर दोनदा येतो, आणि शेवटी 'री'ची वेलांटी. अडकित्त्याच्या दोन दांड्या मला तर तिथेच दिसायला लागल्या. (ही कल्पना फुकट दिली!)

आणखी एक: मराठीतले 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे आलेत का ते तपास. बऱ्याच फॉन्टांत आपोआप हिंदी वळण येतं. मराठी वळण आत असतं, पण मजकुराची भाषा मराठी निवडल्यावरच बाहेर पडतं. शासनाच्या २००९ च्या वर्णमालेच्या निर्णयातही हे वळण दिलंय, म्हणजे ज्युरीसमोर दाखवायला आधार झाला. तसंच 'सुऱ्या', 'कातऱ्या' यांसारख्या शब्दांतला ऱ नीट उमटतोय का बघ.

अवांतर: वेळ काढून औंधला जा. पुण्यातलं नव्हे, साताऱ्याकडचं. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ मध्ये टेकडीवर संग्रहालय उभं केलं. रविवर्मा आणि धुरंधरांची चित्रं आहेत, हेन्री मूरचं शिल्पसुद्धा आहे. तिथे गेल्यावर लेबलं विसरलीस तरी चालेल.

---

ठिपके_रेषा:

सगळ्यांचे मनापासून आभार! मजकूर मराठीत आधी लिहायला घेतला आणि तो आपोआप आखूड झाला. इंग्रजीही मुक्तामध्ये लावलं. मराठी २०, इंग्रजी १६.५ वर डोळ्याला पटलं. कागदावर काढून होस्टेलच्या भिंतीवर चिकटवलंय. खोलीतली मुलगी येता-जाता वाचते आणि तिला चुनाळं म्हणजे काय हे विचारावं लागलं नाही, म्हणजे लेबल काम करतंय असं समजते. (ती कोकणातली आहे, तेव्हा हा पुरावा जरा कच्चाच.)

@अक्षरखूळ, दांड्यांचं डोक्यात बसलंय. पहिली रफं (कच्ची रेखाटनं) भयंकर आलीत, 'पा'चा चिमटा झालाय. करतेय.

दोन शंका उरल्यात. इंग्रजी विभागपाट्या सरांना सगळ्या कॅपिटलमध्ये हव्यात. मराठीत कॅपिटल नाही, मग जोडीला काय करू? आणि छपाईला दिलेल्या नमुन्यात एका ठिकाणी वेलांटी अक्षराच्या उजवीकडे गेली, जोडाक्षरं फुटली. माझ्या लॅपटॉपवर सगळं बरोबर दिसतंय.

---

छापखाना:

कॅपिटलची जोडी ठळकपणाने लाव. मराठी पाटी एक्स्ट्राबोल्ड, इंग्रजी कॅपिटल मीडियम आणि मापाने जरा उतरवलेली. सगळी कॅपिटल एकत्र आली की ती ओरडतात, त्यांना आवरावं लागतं. सरांना दोन्ही पर्याय छापून दाखव. स्क्रीनवर वाद संपत नाहीत.

वेलांटी पळाली कारण छापणाऱ्याच्या मशिनवर तुझा फॉन्ट नाही किंवा त्याने फाइल कोरल या डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्तीत उघडली. इलस्ट्रेटरमध्ये परिच्छेदाच्या पॅनेलच्या मेनूत साउथ एशियन कंपोजर निवडलेला आहे ना, ते बघ. मग सगळा मजकूर आउटलाइन करून (म्हणजे अक्षरांचे नुसते आकार बनवून) पीडीएफ दे. आउटलाइन करण्याआधीची फाइल वेगळ्या नावाने ठेव, नाहीतर शेवटच्या रात्री शुद्धलेखनाची एक चूक दुरुस्त करायला सगळं पुन्हा टाईप करत बसशील. चारही बाजूंनी ३ मिलिमीटर ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची छपाई) सोड. आणि सनबोर्डवर लावणार असशील तर मॅट लॅमिनेशन सांग. दुकानदार ग्लॉसी "छान चमकतं" म्हणून गळ्यात मारतील, पण ज्युरीच्या दालनात वरून ट्यूबलाइट असते. चमक लेबलावर आली की ज्युरीला पोपट दिसेल, मजकूर नाही.