मदत हवी आहे: जुन्या साइटचं मार्कअप (एचटीएमएल कोड) शुद्ध करायचंय, सुरुवात कुठून करू?

नमस्कार मंडळी. मी फोंड्यात राहून वेबसाइटची कामं करते. डिचोलीजवळच्या एका होमस्टेची जुनी साइट माझ्याकडे आलीय. डब्ल्यू३सी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरवर, म्हणजे कोड तपासणाऱ्या साधनावर, टाकली तर १४३ चुका! सगळी मांडणी टेबलांत, आणि अक्षरं मोठी दिसावीत म्हणून जिथे तिथे एच१, म्हणजे मुख्य शीर्षकाचा टॅग.

दिसायला साइट ठीक आहे, म्हणून मालक म्हणतात, ‘चलता मगे, कित्याक हात लायता?’ पण बुकिंगच्या फॉर्मात ‘येण्याची तारीख’ आणि ‘जाण्याची तारीख’ या दोन्ही खान्यांना एकच आयडी (कोडमधली ओळख, खरं तर प्रत्येकाची वेगळी हवी) दिलाय. ‘जाण्याची’ या लेबलवर क्लिक केलं की कर्सर वरच्याच खान्यात जातो. स्क्रीन रीडरवर (पडद्यावरचं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरवर) तर खालच्या खान्याला नावच नाही. अंध माणसाने तारीख भरायची कशी? हे मला खरंच खुपतंय.

फॉर्म मी आज दुरुस्त करतेय. पुढचं विचारायचंय. टेबलं काढून हेडर, नॅव्ह, मेन असे पानाचे भाग सांगणारे टॅग घालत एकेक पान बदलत जाऊ, की सगळं नव्याने लिहू? पानं २२ आहेत, हाताशी महिनाभर.

दुसरं, मजकूर मराठी आहे, मधेमधे कोंकणी परिच्छेद. भाषा सांगणाऱ्या लँग या गुणधर्मात पूर्ण पानाला ‘एमआर’ (मराठी) आणि त्या परिच्छेदांना ‘केओके’ (कोंकणी) देणार आहे. कोंकणीसाठी आवाज नसेल तर स्क्रीन रीडर तो भाग कसा वाचतो? कुणी प्रत्यक्ष ऐकलं असेल तर कृपया सांगा.