मदत हवी आहे : चिकानो विद्यार्थ्यांच्या प्रदर्शनात नामांतर लढ्याचा फलक लावायचाय

नमस्कार मंडळी,

मी मूळची नांदेडची. सध्या दक्षिण कॅलिफोर्नियात कॅल स्टेट या सरकारी विद्यापीठाच्या एका कॅम्पसवर सार्वजनिक आरोग्यात मास्टर्स करतेय. प्रबंध शेतमजुरांच्या कंबरदुखीवर आहे. त्या निमित्ताने मागच्या सेमिस्टरला चिकानो स्टडीजचा (म्हणजे अमेरिकेतल्या मेक्सिकन वंशाच्या लोकांच्या अभ्यासाचा) एक कोर्स घेतला आणि त्या मुलांच्या केंद्रात जाणं-येणं सुरू झालं. एप्रिलमध्ये केंद्रात प्रदर्शन आहे. विषय : विद्यापीठात आपली जागा आपण कशी मिळवली. त्यात एक फलक आणि एक टेबल माझ्याकडे आलंय. तिथे मला मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळावं म्हणून झालेला नामांतराचा लढा मांडायचाय. नेमकं काय हवंय ते शेवटी लिहिते, पण आधी ही मुलं कोण आणि त्यांचा लढा काय ते सांगते, म्हणजे फलक कुणाच्या शेजारी लागणार आहे ते कळेल.

मेक्सिकन वंशाची, पण अमेरिकेतच वाढलेली ही मुलं. काहींची घराणी १८४८ च्या मेक्सिको-अमेरिका तहाआधीपासून याच जमिनीवर आहेत, तह झाला आणि देश बदलला. बहुतेकांचे आजी-आजोबा मात्र मजुरीला आले. १९६८ च्या मार्चमध्ये ईस्ट लॉस एंजेलिसच्या शाळांमधून हजारो मुलं वर्ग सोडून रस्त्यावर आली. शाळेत स्पॅनिश बोललं की शिक्षा, पुस्तकात आपला इतिहास नाही, हुशार मुलालाही कॉलेजऐवजी हातकामाच्या वर्गात ढकलायचं, अशा तक्रारी होत्या. त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या साल कास्त्रो या शिक्षकासह तेरा जणांवर कटाचे आरोप ठेवले गेले. त्याच वर्षी कॅल स्टेट लॉस एंजेलिसमध्ये चिकानो स्टडीजचा अभ्यासक्रम सुरू झाला. १९६९ च्या एप्रिलमध्ये सांता बार्बराला विद्यार्थी आणि प्राध्यापक जमले आणि त्यांनी एक सविस्तर आराखडा लिहिला. त्यात नुसता विभाग मागितलेला नाही. वस्तीतल्या मुलांना विद्यापीठात आणायचं, ती टिकतील अशी व्यवस्था करायची आणि शिकलेलं वस्तीपर्यंत परत न्यायचं, हे सगळं त्यात आहे. मेचा ही विद्यार्थी संघटना तिथूनच उभी राहिली.

यूसीएलएला (लॉस एंजेलिसच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाला) चिकानो स्टडीजचा पूर्ण विभाग मिळायला आणखी बरीच वर्षं लागली. १९९३ च्या एप्रिलमध्ये शेतमजुरांचे नेते सेझार चावेझ वारले आणि त्यांच्या अंत्ययात्रेच्या तोंडावर विद्यापीठाने विभाग देणार नाही असं जाहीर केलं. मे-जूनमध्ये विद्यार्थी आणि त्यांच्याबरोबर एक प्राध्यापक चौदा दिवस उपोषणाला बसले. त्यातून चावेझ यांच्या नावाचं केंद्र झालं आणि २००५ मध्ये त्याला विभागाचा दर्जा मिळाला. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा लगेच तारखा ताडून पाहिल्या. तिथे मे-जून १९९३, आपल्याकडे नामविस्तार १४ जानेवारी १९९४.

केंद्र म्हणजे दोन खोल्या. जुना सोफा, मायक्रोवेव्ह, फुकट प्रिंटर. रात्रपाळी करून थेट लेक्चरला आलेली मुलं तिथे तासभर डोळे मिटतात. परीक्षेच्या आठवड्यात कुणाची तरी आई तामालेंचा (मक्याच्या पिठाच्या वाफवलेल्या पदार्थाचा) डबा पाठवते. कागदपत्रं नसलेल्या मुलांना फीच्या सवलतीचा अर्ज कसा भरायचा हे वरच्या वर्गातली मुलं शेजारी बसून समजावतात. इथे २००१ च्या कायद्यामुळे राज्यात शाळा शिकलेल्या अशा मुलांना स्थानिक फी लागते. पदवीदानाचा त्यांचा वेगळा सोहळा असतो, त्यात आईवडील मुलाबरोबर स्टेजवर जातात. मला या दोन खोल्या बघून आपल्याकडची वसतिगृहं आठवतात. पुस्तकाइतकाच तिथल्या सोबतीने माणूस टिकतो, असं मला मनापासून वाटतं.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला तिथे पितरांसाठी ओफ्रेंदा मांडतात. झेंडू (मूळचा मेक्सिकोचाच), कातरलेला रंगीत कागद, पाव, घरच्यांचे फोटो. यंदा एका मुलीने आजोबांचं ब्रासेरो ओळखपत्र ठेवलं होतं. १९४२ ते १९६४ या काळात करारावर आणलेल्या मेक्सिकन मजुरांना ब्रासेरो म्हणत. शेजारी त्यांची आखूड दांड्याची कुदळ होती. दांडा जेमतेम हातभर, धरायच्या जागी काळपट आणि गुळगुळीत झालेला. तिच्या परवानगीने मी ती हातात घेऊन वाकले. कुदळ जमिनीला टेकायची तर कंबर पूर्ण मोडावी लागते. लेट्यूसच्या वाफ्यात दिवसभर असंच. मुकादमाला त्यात सोय होती, कारण जो सरळ उभा तो काम करत नाही हे लांबूनच दिसायचं. १९७५ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर ही कुदळ बंद झाली.

आता माझी अडचण. भारतीय मुलांनी रांगोळी आणि नाच सुचवला. ते एरवी छानच आहे, पण या प्रदर्शनाचा विषय तो नाही. दुसऱ्या एकाने पांडुरंग खानखोजे सुचवले. वर्ध्याचे, परदेशातून इंग्रजांविरुद्ध लढणाऱ्या गदर चळवळीतले, पुढे मेक्सिकोत चापिंगोच्या कृषी विद्यालयात शिकवणारे, मक्यावर काम करणारे, दिएगो रिवेराच्या भित्तिचित्रात भाकरी मोडताना दिसणारे. मलाही मोह झाला. पण केंद्रातल्या मैत्रिणीने रास्त प्रश्न विचारला : ते मेक्सिकोत प्राध्यापक होते, आम्ही इथल्या मजुरांची नातवंडं, आमच्या लढ्याशी त्यांचा काय संबंध? मला तिचं पटलं. विद्यापीठ आपलंही आहे हे सांगण्यासाठी आपल्याकडे मुलांनी काय सोसलं, हे नामांतरात आहे. शिवाय कॅल स्टेटने जानेवारी २०२२ मध्ये भेदभावविरोधी धोरणात जातीचा समावेश केलाय, त्यामुळे हा विषय इथे परका नाही.

तर मला १९७८ ते १९९४ मधली विद्यार्थ्यांची पत्रकं, हस्तलिखित भित्तिपत्रकं, वसतिगृहांतले आणि १९७९ च्या नागपूर ते औरंगाबाद लाँग मार्चचे फोटो हवे आहेत. स्कॅन चालेल, पण ते कुणाचं आहे आणि परवानगी कुणाची घ्यायची हेही सांगा. त्या काळात तिथे शिकत असलेलं कुणी दहा मिनिटं फोनवर बोलेल का? नाव द्यायचं नसेल तर देणार नाही. आणि मराठीतून थेट स्पॅनिशमध्ये चारशे शब्द करून देणारं कुणी आहे का? मुलांच्या आज्या प्रदर्शनाला येतात, त्यांतल्या बऱ्याच जणी इंग्रजी वाचत नाहीत. त्यांच्यासाठी मला हे नीट व्हायला हवंय.

नागसेनवन :
ताई, जय भीम. मी १९७८ ला औरंगाबादला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आम्ही सायक्लोस्टाईलवर पत्रकं काढायचो आणि रात्री खळ लावून चिकटवायचो. त्यातली थोडी माझ्याकडे आहेत, पाठवतो. बोलायलाही तयार आहे, नाव दिलं तरी चालेल.
एक सांगतो. फलकावर फक्त १९९४ चा आनंद नको. जुलै १९७८ ला विधिमंडळात ठराव झाला आणि मराठवाड्यात आमच्या वस्त्या जळाल्या. ते लिहा. पण जळलेल्या घरांचे फोटो त्या घरच्यांना विचारल्याशिवाय लावू नका. आणि शेवटी मिळालं ते नाव कोणतं, तेही पूर्ण लिहा : डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ. 'मराठवाडा' शब्द ठेवून तोडगा निघाला. त्यावर आमच्यातही दोन मतं होती, अजून आहेत.

मांडवीकाठ :
मी पणजीत स्पॅनिश शिकवते. चारशे शब्द करून देईन, मानधन नको. पण मूळ मजकुरात बाबासाहेबांची ओळख दोन ओळींत घाल. ते १९१३ ते १९१६ न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकले आणि १९५० मध्ये त्यांच्या संस्थेने औरंगाबादला कॉलेज काढलं, एवढं आलं तरी त्या आज्यांना नाव का हवं होतं ते समजेल. वाक्यं छोटी ठेव. आणि मजकूर मोठ्या अक्षरात छाप.

सेलूचा :
खानखोजे पूर्ण काढू नका. टेबलावर छोटं कार्ड ठेवा. सोबत कॅलिफोर्नियातल्या इंपिरियल व्हॅलीतल्या पंजाबी-मेक्सिकन कुटुंबांबद्दल लिहा. १९१३ च्या कायद्याने आशियाई लोकांना तिथे जमीन घेता येईना. त्या काळात पंजाबी शेतकऱ्यांनी मेक्सिकन बायकांशी लग्नं केली आणि कुटुंबं तिथेच वाढली. ती गोष्ट त्या मुलांच्या जास्त जवळची आहे.

धागाकर्ती :
तिघांचेही मनापासून आभार. इंपिरियल व्हॅलीचं पटलं, कार्ड करते. मांडवीकाठ ताई, मजकूर आठवडाभरात पाठवते, ओळख घालूनच.
नागसेनवन काका, जय भीम. दोन मतांचं तुम्ही लिहिलंत ते मला फलकावर हवंच आहे, फोनवर सविस्तर सांगा. तुमच्याकडे रविवारी सकाळी नऊला करू का? पत्रकांच्या दोन्ही बाजू स्कॅन करा, मागे कुणी हाताने काही लिहिलं असेल तर तेही लागेल. लाँग मार्चचे फोटो अजून कुणाकडून आलेले नाहीत. नागपूरकरांपैकी कुणी सांगू शकेल का?