प्रतिसाद: ‘री-एनॅक्ट’साठी मराठी क्रियापद

‘री-एनॅक्ट’ (re-enact), म्हणजे घडून गेलेला प्रसंग पुन्हा करून दाखवणे, याला मराठीत कोणतं क्रियापद वापरावं, या प्रश्नावर ‘पुनराभिनय करणे’ हा पर्याय आला आहे. पुनर् + अभिनय यांचा संधी ‘पुनरभिनय’ असा होतो, ‘रा’ नाही. पण तो शब्द बोलण्यात कुठेच नाही. माझं मत ‘पुन्हा घडवून दाखवणे’ला.

इथे सहायक क्रियापद फार महत्त्वाचं. १६ एप्रिल १८५३ चा बोरीबंदर-ठाणे पहिला रेल्वेप्रवास शाळेच्या संमेलनात मुलं ‘घडवून दाखवतात’, कारण समोर प्रेक्षक आहेत. पोलीस मात्र तपासासाठी गुन्ह्याचा क्रम ‘घडवून पाहतात’. बातमीत त्याला ‘घटनेची पुनर्रचना’ म्हणतात. ‘दाखवणे’ आणि ‘पाहणे’ यांची अदलाबदल केली की अर्थच बदलतो.

‘साकारणे’ आणि ‘वठवणे’ बहुधा भूमिकेला लागतात. ‘टिळक साकारले’ बरोबर, ‘खटला वठवला’ कानाला खटकतं. शिवाय ‘वठणे’मध्ये जमून येण्याचा अर्थ आहे: भूमिका वठते, चेकही वठतो. (झाड वठतं तेव्हा मात्र ते वाळलेलं असतं, म्हणून संदर्भ सांभाळा.)

‘नक्कल’ माणसाची होते, प्रसंगाची क्वचितच. ‘पुनःप्रयोग’ म्हणजे त्याच नाटकाचा आणखी एक खेळ, तो इथे चालणार नाही. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेतल्या चित्ररथावर पात्रं स्तब्ध उभी असतील तर तो ‘देखावा’. ती हलू-बोलू लागली की ‘प्रसंग सादर केला’ म्हणावं.

कायद्याच्या मजकुरातला ‘री-एनॅक्ट’ वेगळा: तिथे अभिनय नाही, कायदा पुन्हा संमत करणं आहे.