म्युझिक व्हिडिओचा प्रोजेक्ट: थिअरी आणि शूटिंग एकत्र बसवायचं कसं?

मधली_फ्रेम
नमस्कार मंडळी, मी मीडियाची स्टुडंट आहे. या सेमिस्टरला म्युझिक व्हिडिओवर पूर्ण पेपर आहे, त्यात एका व्हिडिओचं लेखी विश्लेषण करायचं आणि ग्रुपने मिळून स्वतःचा एक व्हिडिओ बनवायचा. गाणं मैत्रिणीच्या बँडचं आहे, साधारण चार मिनिटांचं, शब्द विरहाचे आहेत पण ठेका चांगला जलद आहे. आता प्रॉब्लेम असा की म्युझिक व्हिडिओचा अभ्यासक अँड्र्यू गुडविनचे मुद्दे वाचून झालेत, लॉरा मल्व्हीचा गेझ (सिनेमात कॅमेरा बाईकडे पुरुषाच्या नजरेने बघतो हा मुद्दा) वाचून झालाय, परीक्षेत लिहीन मी ते सगळं, पण स्टोरीबोर्ड, म्हणजे शॉट्सची कच्ची चित्रं, काढायला बसलो की त्यातलं काहीच उपयोगी पडत नाही आणि सगळ्यांना तेच सुचतं, मुलगी खिडकीत बसलीये, बाहेर पाऊस, हातात जुने फोटो. थिअरीचा खरंच व्हिडिओ बनवताना उपयोग होतो का कोणाला?
आणि अजून एक, मोबाइलवर टेस्ट शूट घेतलं त्यात लिपसिंक (ओठ गाण्याशी जुळणं) सुरुवातीला अगदी बरोबर आणि शेवटाकडे येता येता सरकलेलं. असं का होतं?

कटपॉइंट
उपयोग होतो, आणि तुमच्या खिडकीतल्या मुलीचं उत्तरच गुडविनमध्ये आहे बघ. १९९२ च्या पुस्तकात त्याचं मुख्य म्हणणं हे होतं की म्युझिक व्हिडिओला छोटा सिनेमा समजून वाचू नका, सुरुवात संगीतापासून करा. मग शब्द आणि चित्र यांचं नातं तो तीन प्रकारे बघतो: चित्र शब्दच पुन्हा दाखवतं, चित्र शब्दांत नसलेलं काहीतरी वाढवतं, किंवा चित्र शब्दांपासून पार वेगळंच चालतं. तुमचा ग्रुप पहिल्या प्रकारातच अडकलाय. गाण्यात विरह आहे म्हणून पडद्यावर विरह, म्हणजे प्रेक्षकाला एकच गोष्ट दोनदा सांगितली.

आता तुमच्या गाण्यातली सगळ्यात भारी गोष्ट तूच लिहिलीयेस आणि पुढे निघून गेलीस: शब्द दुःखाचे आणि ठेका जलद. तिथेच व्हिडिओ आहे तुमचा! चित्र शब्दांच्या बाजूने जाणार की ठेक्याच्या, हे आधी ठरवा. ठेक्याच्या बाजूने गेलात तर ती मुलगी खिडकीत बसूच शकत नाही, ती धावेल, घर आवरेल, सामान बांधेल, लोकांत हसत नाचेल आणि शब्द मात्र मागे दुसरंच काही बोलत राहतील. माझ्या मते हे शंभर पावसांपेक्षा जास्त लागतं.

करायचं काय ते सांगतो. स्टोरीबोर्ड बाजूला ठेवा. गाणं हेडफोन लावून ऐका आणि मोठ्या कागदावर आडवी रेघ मारून त्यावर सेकंद लिहा. कडवं कुठे, ध्रुवपद कुठे, ड्रम कधी येतात, बास कधी थांबतो, गायिका श्वास कुठे घेते, सगळं टिपा. दिग्दर्शक मिशेल गाँड्रीने २००२ मध्ये केमिकल ब्रदर्स या इलेक्ट्रॉनिक म्युझिकवाल्या जोडीच्या 'स्टार गिटार'चा व्हिडिओ केला त्याचा आराखडा आधी ग्राफ पेपरवर मांडला होता. धावत्या ट्रेनच्या खिडकीतून खांब, इमारती, पूल दिसत जातात आणि प्रत्येक वस्तू गाण्यातल्या कुठल्यातरी आवाजाबरोबर येते, बीट परत आला की ती वस्तूही परत. गोष्ट नाही, पात्र नाही, तरी नजर हटत नाही. लेखी भागासाठी हाच घे, संगीत आणि चित्राच्या नात्यावर पानंच्या पानं लिहिता येतील.

आवाजाची_बाजू
लिपसिंकचं मी सांगते. सुरुवातीला बरोबर आणि हळूहळू सरकत जातं म्हणजे दोन घड्याळं वेगळ्या वेगाने चाललीयेत. मोबाइलचा साधा कॅमेरा बऱ्याचदा फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम्स घ्यायच्या ते, स्थिर ठेवत नाही, उजेड कमी झाला की फ्रेम्स कमी करतो, आणि मग एडिटिंग सॉफ्टवेअर गोंधळतं. फ्रेमरेट लॉक करता येईल असं कॅमेरा ॲप वापर, नाहीतर एडिटच्या आधी सगळ्या क्लिप्स स्थिर फ्रेमरेटला कन्व्हर्ट करून घे. दुसरं कारण असू शकतं २३.९७६ आणि २४ या दोन फ्रेमरेटची सरमिसळ. फरक हजारात एकाचा आहे, पण चार मिनिटांत तो जवळजवळ ६ फ्रेम्स होतो आणि ६ फ्रेम्स ओठांवर स्पष्ट दिसतात. एडिटिंगची टाइमलाइन आणि कॅमेरा एकाच आकड्यावर ठेवा म्हणजे झालं.

शूटिंगला गाण्याचं फायनल मिक्सच वाजवा. बँडवाले म्हणतील की आत्ता रफ घ्या, नंतर थोडंसंच बदलेल, तर ऐकू नका, टेम्पो एका बीटने जरी बदलला तरी सगळे लिपसिंकचे शॉट्स वाया. स्पीकर मोठा लावा, गायिकेला नुसते ओठ हलवू देऊ नका, खरंच गायला लावा. गळ्याच्या शिरा, पोट, खांदे, सगळं खोटं दिसतं नाहीतर. कॅमेऱ्यात रेकॉर्ड होणारा आवाज बंद करू नका, तो फायनलमध्ये येणार नाही पण सिंक त्याच्यावरूनच लागतं. फक्त लाँग शॉटला सावध, आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो, म्हणजे २५ फ्रेम्सच्या हिशोबाने दर तेरा-चौदा मीटरला एक फ्रेम उशीर. कॅमेरा लांब असेल तर वेव्हफॉर्म (आवाजाचा आलेख) जुळलं तरी ओठ जुळणार नाहीत, तिथे डोळ्याने ओठ बघूनच लावायचं.

आणि जलद ठेका + विरह यासाठी एक गोष्ट करून बघाच. गाणं दुप्पट वेगाने वाजवा, गायिका त्या वेगाने गाईल, कॅमेरा ५० फ्रेम्सवर, टाइमलाइन २५ वर. स्लो केल्यावर ओठ गाण्याशी बरोबर जुळतात पण केस, कपडे, मागची माणसं सगळं पाण्याखाली असल्यासारखं हलतं. तालीम मात्र खूप लागते, दुप्पट वेगात शब्द तोंडात बसायला हवेत.

तिसरी_घंटा
वरच्या दोघांशी बऱ्यापैकी सहमत, पण ताई, गोष्ट सांगायचीच नाही असं डोक्यात घेऊ नकोस. चार मिनिटांत गोष्ट बसते, फक्त ती एका ओळीत सांगता आली पाहिजे. स्टुडंट व्हिडिओंमध्ये नेहमी दिसतं ते असं की पहिली भेट, प्रेम, भांडण, पश्चात्ताप सगळं कोंबायचं, आणि गाणं आपलं बॅकग्राउंड म्युझिक होऊन बसतं. तुम्ही फक्त शेवटची पाच मिनिटं घ्या नात्याची. ती सामान बांधतेय एवढंच. ध्रुवपद दर वेळी परत येतं ना, मग त्या त्या वेळी त्याच खोलीत त्याच जागी कॅमेरा लावा आणि खोली दर वेळी आणखी रिकामी दाखवा. ध्रुवपदाचं परत येणं चित्रातही येईल आणि गोष्टही पुढे सरकेल.

गेझचं पण तसंच. मल्व्हीचा १९७५ चा निबंध सिनेमाबद्दल आहे, तो नुसता चिकटवू नकोस. शॉट लिस्ट समोर ठेव आणि प्रत्येक शॉटपुढे लिही की इथे कोण बघतंय आणि कोणाकडे. गायिकेचे क्लोजअप लागतीलच, पण ती लेन्सकडे बघते की तिला आपण चोरून बघतोय, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तिलाही विचारा तिला कसं दिसायला आवडेल, तिचा चेहरा आहे तो.

मधली_फ्रेम
बाप रे, केवढं लिहिलंत सगळ्यांनी, खूप खूप आभार! रिकामी होत जाणारी खोली ग्रुपला प्रचंड आवडलीये आणि दुप्पट वेगाची तालीम उद्यापासूनच सुरू करतोय. एक शेवटचं, कट नेमके बीटवर मारायचे का? आणि गाणं वापरायला बँड तोंडी हो म्हणालाय, तेवढं चालेल ना?

कटपॉइंट
प्रत्येक बीटवर मारलेस तर अर्ध्या मिनिटात डोळा कंटाळतो, पुढचा कट कधी येणार ते आधीच कळायला लागतं. काही कट गाण्याच्या ओळीच्या शेवटाला, काही हालचालीच्या मध्ये, आणि जिथे खरंच बीटवर हवाय तिथे एक-दोन फ्रेम्स आधी मारून बघ, जास्त घट्ट वाटतो. पहिल्या कडव्यात लांब शॉट ठेवा म्हणजे पुढे वेग वाढवायला जागा राहील.

आवाजाची_बाजू
तोंडी नको, लेखी घ्या. गाण्यात दोन वेगळे हक्क असतात, एक शब्द आणि चालीचा, दुसरा त्या रेकॉर्डिंगचा, आणि ते वेगवेगळ्या लोकांकडे असू शकतात. गीतकार बँडबाहेरचा असेल तर त्याचीही सही लागेल. व्हिडिओ फक्त वर्गात दाखवणार, ऑनलाइन टाकणार की फेस्टिव्हलला पाठवणार हे सगळं त्याच कागदावर लिहून घ्या, आणि शूटिंगच्या आधी.