अनुभव धागा: आठवडाभराचा शिणवटा आणि रविवारची उपासना

सर्वांना सलाम. मी सांगलीत समुपदेशनाचं काम करते. समोर बसलेला माणूस रडतो, आपण रडायचं नाही, असं ते काम. शुक्रवार येईपर्यंत घरात कोणी "जेवलीस का?" विचारलं तरी अंगावर येतं. आम्ही ख्रिस्ती, चर्चला मंदिरच म्हणतो; रविवारी तिथे जाऊन बसलं की बहुतेक वेळा सोमवारला तोंड देण्याइतकं बळ येतं. दर वेळी नाही. हे नेमकं कशाने होतं ते मला धड सांगता येत नाही, म्हणून हा धागा.

एक विनंती. "प्रभूने सांभाळलं" एवढंच लिहून थांबू नका. ते खरंच आहे, पण उपासनेत कुठे, कोणत्या क्षणी हलकं वाटलं ते लिहा. वाटत नसेल तर तेही लिहा.

परिचारिका, मिरज

ताई, मी आयसीयूत आहे. मिरज म्हणजे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली इथे मिशनचा दवाखाना सुरू केला, आणि आजही कर्नाटकातून पेशंट मिरजेला येतात. मी तिथे नाही, दुसरीकडे आहे. पण आमच्या मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, कितीतरी बायका कधी ना कधी नर्सिंगमध्ये होत्या, त्यामुळे शनिवारची नाईट करून मी सरळ मंदिरात आले, डोळे सुजलेले असले, तरी कोणी काही विचारत नाही. हीच मला पहिली विश्रांती.

मी गात नाही, खरं सांगायचं तर. आवाजच फुटत नाही. सगळे उठले की उठते, पुस्तक उघडून धरते. दोन्ही बाजूंच्या म्हाताऱ्या मात्र खणखणीत गातात, एक तर अर्धी मात्रा पुढेच असते, पेटीवाल्याला तिच्यामागे धावावं लागतं. आठवडाभर दुसऱ्याचा श्वास चालू राहावा म्हणून मी जागते, तिथे माझ्या वाटचं गाणं दुसरं कोणीतरी गातं. मी नुसती उभी असते आणि तरी ते गाणं माझं धरलं जातं.

आमच्याकडे बायबलमधलं स्तोत्र पुढारी एक वचन आणि मंडळी एक वचन असं वाचतात. एकदा 42 वं होतं. "हे माझ्या जिवा, तू का खिन्न झालास?" त्या आठवड्यात आमच्याकडे एक लहान मूल गेलं होतं. घरी, नवऱ्यापुढेसुद्धा माझ्याने बोलवलं नव्हतं. इथे एवढी माणसं मोठ्याने तोच प्रश्न विचारत होती. आणि त्याच स्तोत्रात पुढे तो पुन्हा येतो, 43 व्यात आणखी एकदा. म्हणजे लिहिणाऱ्यालाही एकदा विचारून भागलं नाही! मला वाटायचं, विश्वास असेल तर उत्तर लगेच मिळायला पाहिजे. आता नाही वाटत. घरी जाऊन झोपले, बऱ्याच दिवसांनी गाढ.

(धागाकर्ती) पेटीवाल्याची दया आली. आमच्याकडेही असेच पुढे पळणारे एक वडील (मंडळीतले ज्येष्ठ पुढारी) आहेत.

वसुलीवाला, तासगाव

माझं उलट आहे. मी एका पतपुरवठा कंपनीचे हप्ते गोळा करतो. जत, कवठेमहांकाळकडे जास्त फिरतो. अवकाळीने बाग गेलेल्या माणसाच्या दारात उभं राहून "साहेब, तारीख उलटली" म्हणायचं. बायका आत जातात, पोरं बघत उभी राहतात. शिव्या परवडल्या, पण कोणी चहा पुढे केला की जीव नकोसा होतो.

रविवारी प्रभूची प्रार्थना सुरू होते आणि "आमची ऋणे आम्हांस सोड" इथे माझी जीभ अडते. बाजूला बसलेला माझाच एक खातेदार तेच म्हणत असतो. एकदा मी त्या ओळीला गप्पच राहिलो. पाळकसाहेबांना, म्हणजे आमच्या धर्मगुरूंना, सांगितलं, त्यांनी उपदेश केला नाही, "पुढच्या रविवारीही ये" एवढंच म्हणाले. मला हलकं वाटतं का? नाही. पण सोमवारी त्या दारात मी आवाज चढवत नाही. नोकरी बदलायचं चाललंय.

वसतिगृह मेट्रन, पाचगणी

आम्ही कॅथलिक. मिस्सा (आमची मुख्य उपासना) संपल्यावर सगळे गेले की मी थोडी बसते. आठवडाभर पोरं "मॅडम, मॅडम" करत असतात, आईबापाची आठवण काढून रात्री रडतात. तिथे कोणी हाक मारत नाही. बस, एवढंच.

शिक्षक, सातारा

ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी 1917 मध्ये आमच्या साताऱ्यातच 'देवाचा दरबार' हा ख्रिस्तभक्तांचा मेळा सुरू केला. आमच्या उपासनेतही भजनं अभंगाच्या चालीत, टाळ-पेटीवर. मला प्रवचनापेक्षा हाच भाग लागू पडतो, पाळकांनी राग मानू नये. आमच्या वर्गात ऊसतोड कामगारांची मुलं येतात, मधेच निघून जातात, हजेरीच्या वहीत नावं तशीच राहतात. ती नावं डोक्यात घेऊन मी मंदिरात जातो. टाळ हातात आले की डोकं जरा बाजूला होतं, हात ठेका धरतात. मध्यस्थीच्या प्रार्थनेत पाळक विचारतात, कोणासाठी प्रार्थना करायची? मी मोठ्याने नावं घेतो. मंडळी "आमेन" म्हणते. मुलं परत येतात असं नाही, पण ती नावं मग माझ्या एकट्याकडे राहत नाहीत.

रुग्णवाहिका चालक, सांगली

रविवारची ड्युटी असते, त्यामुळे मंदिर चुकतं. आमच्या गल्लीत बुधवारी कॉटेज प्रार्थना होते, कोणाच्यातरी घरी सतरंजीवर. 2019 च्या महापुरात जे बघितलं ते पहिल्यांदा तिथेच बोललो. कोणी मधे बोललं नाही, मग चहा आला.

पाळकांची बायको, वाई

सगळ्यांचं वाचलं. आमच्या घरी रविवार हाच सगळ्यात थकवणारा दिवस. शाब्बाथ शाळा (मुलांचा रविवारचा बायबलवर्ग) मी घेते, महिला मंडळ माझं, भजनाची पेटीही माझ्याकडेच. उपासना संपली की दारात उभं राहून सगळ्यांची सुखदुःखं ऐकायची. साहेब उपदेश करत असतात तेव्हा मी पाहुण्यांच्या भाजीत मीठ घातलं की नाही ते आठवत असते. मिरजेच्या ताई म्हणतात तसं, माझ्या वाटचं कोणी गावं असं मला फार वाटतं. कऱ्हाडला माहेरी गेले की होतं तसं, मागच्या बाकावर बसते, पण वर्षातून कितीदा जाणार? ताई, तुमच्या बाकावर एखाद्या रविवारी जागा होईल का?

परिचारिका, मिरज

या की. पाळकांची बायको आहात हे मी कोणाला सांगणार नाही, नाहीतर प्रार्थना चालवायला उभं करतील. आणि त्या पुढे पळणाऱ्या म्हातारीच्या शेजारी बसू नका, तुम्ही पेटीवाल्या, तुम्हाला सहन व्हायचं नाही.